आधी संध्याकाळ मोजली, मग अभ्यासक्रम निवडला

चाकणजवळच्या म्हाळुंगे औद्योगिक पट्ट्यात मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडझाप करणारे दांडे, तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षे मेंटेनन्स विभागात काम करीत आहे. २००९ साली मी मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण केला, वर्षभर भोसरीतल्या एका छोट्या शॉपमध्ये उमेदवारी केली आणि मग येथे लागलो तो आजतागायत. २०२४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून मी बी.टेक.ला प्रवेश घेतला आणि तोही मेकॅनिकलला नव्हे, तर इलेक्ट्रिकलला. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा हे ठरवायला मला जवळजवळ नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत काय पाहिले, कोठे फसता फसता वाचलो आणि शेवटी निर्णय कशावरून केला, हे शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माझ्यासारख्या डिप्लोमाधारकांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विजेवर चालणाऱ्या गाडीला कॅमशाफ्ट लागत नाही. आमच्या कारखान्यात हे वाक्य २०२० नंतर हळूहळू ऐकू येऊ लागले आणि २०२३ च्या दिवाळीपर्यंत ते चहाच्या सुट्टीतला नेहमीचा विषय झाले होते. ऑर्डर बंद पडल्या नव्हत्या आणि आजही पडलेल्या नाहीत. परंतु नवी लाइन टाकण्याची बोलणी थांबली होती, आणि ज्या कारखान्यात नवी लाइन येत नाही तेथे मेंटेनन्सच्या माणसाला शिकण्यासारखे फारसे उरत नाही. त्याच सुमारास शेजारच्या गटातल्या एका कंपनीत मोटार आणि कंट्रोलर बनवणाऱ्या विभागासाठी माणसे घेत होते. अनुभव माझ्याइतकाच मागितला होता; पात्रतेच्या रकान्यात मात्र बी.ई. किंवा बी.टेक., इलेक्ट्रिकल अथवा इलेक्ट्रॉनिक्स, असे स्पष्ट लिहिले होते.

केवळ त्या रकान्यासाठी मी शिकायला निघालो असे मात्र नाही. आमच्याकडे कॅमशाफ्ट इंडक्शन हार्डनिंगनंतर, म्हणजे पृष्ठभाग कठीण केल्यावर, टेम्परिंग फर्नेसमध्ये, म्हणजे ठिसूळपणा कमी करणाऱ्या भट्टीत, जातात. त्या फर्नेसचे तापमान १८० अंशांवर ठेवायचे असते. पण एका पावसाळ्यात ते चालू करताना प्रत्येक वेळी १९३-१९४ पर्यंत चढून मग खाली येऊ लागले आणि त्या बॅचच्या शाफ्टची रॉकवेल हार्डनेस, म्हणजे कठीणपणाचे माप, खालच्या मर्यादेला टेकू लागली. मी तापमान मोजणारा थर्मोकपल बदलला, हीटर तपासले, दाराचे सील नवे लावले. शेवटी फर्नेस बनवणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला. त्याने कंट्रोलरच्या समोर स्टूल ओढले, आलेख वीस मिनिटे नुसता पाहिला आणि दोन आकडे बदलले. पुढच्या वेळी तापमान १८२ च्या वर गेले नाही. "काय केलेत?" असे मी विचारले, तेव्हा "इंटिग्रल टाइम वाढवला, दादा," एवढेच तो म्हणाला. तो आकडा मी चौदा वर्षे त्या डबीवर पाहत आलो होतो. तो नेमके काय करतो हे मला ठाऊक नव्हते. मला पदवी हवी होती आणि त्या आकड्यामागचे शास्त्रही हवे होते. या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासक्रमात मिळतील याची खात्री करून घेण्यातच माझे बहुतेक महिने गेले.

सर्वांत आधी मला जे सुचवले गेले ते सर्वांत घातक होते. पिंपरीतल्या एका मार्गदर्शन केंद्रात, पूर्वीच्या अनुभवाचे क्रेडिट धरून एका वर्षात बी.टेक. मिळवून देतो, वर्गाला बसावे लागत नाही, परीक्षेला दोनदा परराज्यात जावे लागेल, असे सांगण्यात आले. आमच्या शॉपमधले दोघे जण पैसे भरून बसले होते, म्हणून मीही अर्ज घरी आणला. सुदैवाने त्याच आठवड्यात मी आमच्या निवृत्त मेंटेनन्स मॅनेजरांना भेटायला गेलो. त्यांनी अर्जावर नजर टाकली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालाची आठवण करून दिली. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या मान्यतेशिवाय दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या त्या निकालाने स्थगित झाल्या आणि त्यांना नव्याने परीक्षा देण्याची संधी मिळाली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. त्या पदव्यांवर बढती घेऊन दहा-बारा वर्षे काम केलेल्या माणसांचे त्या दिवशी काय झाले असेल, याचा मी रात्रभर विचार करीत होतो. तो अर्ज मी भरला नाही. माझ्या दोन सहकाऱ्यांचे पैसे अजून परत मिळालेले नाहीत, आणि ते घरखर्चातून वाचवलेले पैसे होते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

आमचे हे साहेब स्वतः एएमआयई झालेले आहेत. ही पात्रता देणारी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० साली स्थापन झालेली आणि १९३५ साली राजसनद मिळालेली संस्था आहे. कॉलेजात न जाता, नोकरी करीत, सेक्शन ए आणि सेक्शन बी या परीक्षा देऊन इंजिनिअर झालेली एक अख्खी पिढी तिने आपल्या कारखान्यांना दिली. साहेबांनी १९८० च्या दशकात रात्रपाळी करून हे पेपर दिले आणि त्याच कागदावर ते मॅनेजर झाले. त्यामुळे माझाही ओढा तिकडे होता. पण त्यांनीच मला थांबवले. "अरे, माझ्या वेळची गोष्ट वेगळी होती. आता तारीख बघ," असे ते म्हणाले. ती तारीख ३१ मे २०१३ ची. त्या दिवसापर्यंत नावनोंदणी केलेल्यांनाच केंद्र सरकारच्या नोकरीसाठी ती पात्रता पदवीच्या बरोबरीची धरली जाते. मला सरकारी नोकरी करायची नव्हती. परंतु खाजगी कंपन्यांची मनुष्यबळ खातीही याच कसोटीकडे पाहतात, हे मी दोन ठिकाणी विचारून पक्के केले. एएमआयईचा नाद मी जड मनाने सोडला.

पिलानीच्या बिट्स या अभिमत विद्यापीठाचा नोकरदारांसाठीचा कार्यक्रम १९७९ पासून चालू आहे आणि आमच्या पट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांमधले कितीतरी जण त्यातून पुढे गेले आहेत. त्याचाही मी नीट विचार केला. त्यात कंपनीची संमती लागते, कामाच्या ठिकाणचा एक मार्गदर्शक लागतो आणि वर्ग ऑनलाइन असतात. ज्याची कंपनी पाठीशी उभी आहे आणि ज्याला आपल्याच कामाच्या क्षेत्रात वर जायचे आहे, त्याने तो अवश्य पाहावा असे माझे मत आहे. मला मात्र क्षेत्र बदलायचे होते. आयुष्यात कधीही अल्टरनेटर स्वतःच्या हाताने जोडून न पाहिलेल्या माणसाला प्रत्यक्ष प्रयोगशाळेची गरज आहे, असे मला वाटत होते.

आता मी ज्या मार्गाने गेलो त्याविषयी. २०२३-२४ पासून एआयसीटीईने नियमित महाविद्यालयांना नोकरदारांसाठी स्वतंत्र तुकडी चालवण्याची मान्यता देण्यास सुरुवात केली. आपण सगळे याला 'पार्ट टाइम' म्हणतो, पण कागदावर तो अर्धवेळ अभ्यासक्रम नाही; नियमित अभ्यासक्रमच सोयीच्या वेळी शिकवला जातो. किमान एक वर्षाचा नोकरीचा अनुभव लागतो, कंपनी नोंदणीकृत असावी लागते आणि ती महाविद्यालयापासून ठरावीक अंतराच्या आत असावी लागते. डिप्लोमाधारकाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. माझ्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, थेट दुसऱ्या वर्षासाठी आता कोणत्याही शाखेचा डिप्लोमा चालतो. खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण असले म्हणजे मेकॅनिकलचा मुलगा इलेक्ट्रिकलला जाऊ शकतो. हा नियम ठाऊक नसल्यामुळे पहिले दोन महिने मी निमूटपणे मेकॅनिकलचीच माहिती गोळा करीत होतो.

शाखेबाबत घरी आणि शॉपमध्ये सर्वांचे एकच म्हणणे होते की कॉम्प्युटर घ्यावे. माझा मेहुणा हिंजवडीत आहे. त्याने अगदी तळमळीने समजावले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण माझी चौदा वर्षे त्यात वाया गेली असती. यंत्र बंद पडल्यावर कोठे हात घालायचा हे मला कळते. इलेक्ट्रिकल घेतले तर हे कळणे माझ्याबरोबर येणार होते. कॉम्प्युटर घेतले असते तर बावीस वर्षांच्या मुलांच्या रांगेत मी सर्वांत मागे उभा राहिलो असतो. क्षेत्र बदलतानाही जुन्या कामातले काय बरोबर नेता येईल याचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब आपल्या वतीने दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

यानंतर मी जे केले, त्याचा मला सर्वांत अधिक उपयोग झाला. जानेवारी २०२४ मध्ये मी एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर कंट्रोल इंजिनिअरिंगचा, म्हणजे फर्नेसच्या त्या आकड्यामागच्या शास्त्राचा, बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची ही व्याख्याने फुकट आहेत. परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये भरावे लागतात. माझा हेतू प्रमाणपत्राचा नव्हता. तीन वर्षांची फी भरण्याआधी, माझ्या शिफ्ट सांभाळून मला आठवड्याला खरोखर किती तास बसता येते, हे मला पाहायचे होते. मशीनच्या ब्रेकडाउनची नोंद आपण लॉगबुकात जशी ठेवतो तशीच मी रोजची नोंद एका वहीत ठेवली: बसलो किती वाजता, उठलो किती वाजता, आणि उठण्याचे कारण काय.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सरासरी अकरा तास झाले. सेकंड शिफ्टमध्ये सकाळचा वेळ मोकळा असतो, त्यामुळे तेव्हा अधिक अभ्यास होईल असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सहाच तास झाले, कारण सकाळी मुलीची शाळा, बँक, गॅस, आई-वडिलांचे दवाखाने हे सगळे त्याच वेळेत बसवलेले असते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तीन तास, आणि त्यातही वाचलेले दुसऱ्या दिवशी आठवत नसे. ज्या दोन असाइनमेंट माझ्याकडून राहिल्या, त्या दोन्ही थर्ड शिफ्टच्या आठवड्यातल्या होत्या. परीक्षेत एकंदर ६१ गुण मिळाले. तेथे परीक्षेला ७५ आणि असाइनमेंटला २५ टक्के भार असतो आणि उत्तीर्ण व्हायला ४० लागतात, त्यामुळे ६१ वाईट नव्हते. परंतु त्या गुणांपेक्षा ती वही मला अधिक बोलकी वाटली. शिफ्ट फिरती राहिली तर कोणताही अभ्यासक्रम माझ्याकडून पूर्ण होणार नाही, हे तिच्यात स्वच्छ दिसत होते. कॉलेज निवडण्याच्या आधी मला शिफ्टचा प्रश्न सोडवणे भाग होते.

त्या बारा आठवड्यांत दुसरीही एक गोष्ट लक्षात आली. थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या डिप्लोमाधारकाचे पहिल्या वर्षाचे गणित हुकते आणि दुसऱ्या वर्षी एकदम लाप्लास ट्रान्सफॉर्म हे गणिताचे तंत्र समोर उभे राहते. कंट्रोलचा सगळा विषय त्याच्यावरच चालतो. मी त्या उन्हाळ्यात डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनपासून पुन्हा सुरुवात केली. माझी मुलगी तेव्हा सहावीत जाणार होती. ती अपूर्णांक सोडवत असे आणि मी तिच्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पार्शल फ्रॅक्शन सोडवत असे.

महाविद्यालये मी तीन पाहिली, त्यांतल्या दोहोंविषयी लिहितो. पहिले माझ्या घरापासून, म्हणजे मोशीपासून, अवघ्या दहा मिनिटांवर होते. माहितीपत्रक देखणे होते आणि प्रवेशाच्या खिडकीवर इलेक्ट्रिकल आहे असेच सांगितले. मी त्यांच्याकडे एआयसीटीईचे त्या वर्षीचे मान्यतापत्र मागितले. हे पत्र दरवर्षी नव्याने निघते आणि त्यात शाखावार, ओळीने, मंजूर जागा दिलेल्या असतात. मी ते तेथेच बाकावर बसून बोट ठेवून वाचले. इलेक्ट्रिकलची ओळ होती, पण ती नियमित तुकडीची. नोकरदारांच्या तुकडीच्या ओळीत मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर एवढेच होते. खिडकीवर पुन्हा विचारले तेव्हा, "येईल, प्रोसेसमध्ये आहे, तुम्ही टोकन भरून ठेवा," असे उत्तर मिळाले. मी टोकन भरले नाही. जो कोणी हे वाचून प्रवेशाला निघेल त्याने बाकी काही केले नाही तरी चालेल, पण त्या पत्रातली आपली ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी, आणि फी किती ते खिडकीवर न विचारता शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या आकड्याशी ताडून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे महाविद्यालय आकुर्डीच्या बाजूला होते. तेथे मी मुद्दाम संध्याकाळी सात वाजता गेलो, कारण माझे वर्ग संध्याकाळी होणार होते आणि सकाळची प्रयोगशाळा पाहून मला काही कळणार नव्हते. इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅबमध्ये दिवे लागलेले होते. चार-पाच जण थ्री-फेज इंडक्शन मोटारीवर ब्लॉक्ड रोटर टेस्ट करीत होते. एकाच्या अंगावर महावितरणचा गणवेश होता, दुसऱ्याच्या पायात सेफ्टी शूज तसेच होते. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, धरून ठेवायचा पट्टा सैल झाला होता. लॅब असिस्टंट तो आवळीत असताना सेफ्टी शूजवाल्याने आधी सप्लाय बंद आहे की नाही ते टेस्टरने पाहिले आणि मगच हात घातला. ज्या सवयी मी पंधरा वर्षांत कमावल्या होत्या, त्या येथे उपयोगी पडत होत्या. त्याआधी पाहिलेल्या तिसऱ्या ठिकाणी त्याच वेळी लॅबला कुलूप होते आणि संध्याकाळच्या मुलांना प्रयोगाचा व्हिडिओ दाखवतो असे सांगितले गेले होते. माझा निर्णय बव्हंशी त्या लॅबमध्येच झाला.

उरला होता रस्ता. वर्ग सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते नऊ आणि प्रात्यक्षिकांचा काही भाग शनिवारी. चाकणचा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. मी तीन वेगवेगळ्या दिवशी कारखान्याच्या गेटपासून कॉलेजच्या गेटपर्यंत मोटारसायकल घेऊन गेलो आणि वेळ लिहून ठेवली. साडेतीनला फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर निघालो, तेव्हा कुरुळी फाटा, इंद्रायणीचा पूल, मग स्पाइन रोडने त्रिवेणीनगरवरून आकुर्डी, असे पन्नास मिनिटांत पोहोचलो. साडेपाचला जनरल शिफ्ट सुटण्याच्या वेळी निघालो, तेव्हा कुरुळीतच कंटेनरच्या रांगेत अर्धा तास गेला आणि पोहोचायला सात वाजायला आले. म्हणजे जनरल शिफ्ट मिळाली असती तरी पहिला तास रोज बुडाला असता आणि हजेरीची ७५ टक्क्यांची अट मला पाळता आली नसती. मला कायमची फर्स्ट शिफ्टच हवी होती, हे त्या तीन फेऱ्यांनी पक्के केले.

प्लांट हेडकडे मी ती वही आणि फेऱ्यांच्या वेळा घेऊन गेलो. पहिल्या भेटीत त्यांनी नकार दिला, आणि त्यांच्या जागी मीही तेच केले असते. एकाला कायमची फर्स्ट दिली की दुसऱ्यावर थर्ड वाढते. मग मी माझ्या विभागातल्या दोघांशी बोललो. त्यांच्यातल्या एकाला गावाकडच्या शेतीमुळे सेकंड शिफ्ट सोयीची पडत होती. दुसऱ्याला मी रविवारचे शटडाउन मेंटेनन्सचे काम दर पंधरवड्याला स्वतः करण्याचा शब्द दिला. ही व्यवस्था तिघांच्या सह्यांनिशी कागदावर मांडल्यावर परवानगी मिळाली. कंपनीने फीचा भार उचलला नाही, पण अनुभवाचे प्रमाणपत्र आणि ना-हरकत पत्र दोन दिवसांत दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

घरची परवानगी मात्र मी सर्वांत शेवटी मागितली आणि ती माझी चूक होती. सगळे ठरवून मी पत्नीसमोर वेळापत्रक ठेवले, तेव्हा तिने ते शांतपणे वाचले आणि विचारले, "अहो, यात आमचा वार कुठला?" पंधरवड्यातला एक रविवार मी कंपनीला देऊन बसलो होतो, शनिवार कॉलेजला. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या चार-पाच दिवसांत आम्ही दोघांनी मिळून सगळे नव्याने मांडले. उरलेल्या रविवारी पुस्तक उघडायचे नाही, असे ठरले. राजगुरुनगरला आई-वडिलांकडे जाण्याची जबाबदारी तिने महिन्यातून एकदा स्वतःकडे घेतली. तिची नोकरीही सकाळची आहे, त्यामुळे हे तिच्यासाठी सोपे नव्हते. अभ्यासक्रम निवडण्याच्या पहिल्या दिवशीच तिला बरोबर घेतले असते, तर पुढचा बराच त्रास वाचला असता.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. डिप्लोमाच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, वेतनचिठ्ठ्या हे आधीच काढून ठेवावे. माझा डिप्लोमाचा दाखला सापडेना. पॉलिटेक्निककडून दुय्यम प्रत मिळवायला प्रतिज्ञापत्र आणि तीन फेऱ्या लागल्या, आणि प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना ती हातात पडली.

आता दुसरे वर्ष संपले आहे. गणिताचा पेपर पहिल्याच प्रयत्नात सुटला. इलेक्ट्रिकल सर्किट्सचा राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत काढला. आमच्या तुकडीतले तिघे जण पहिल्याच सत्रात सोडून गेले आणि ते तिघेही फिरत्या शिफ्टवर होते. तिसऱ्या वर्षाचे वेळापत्रक परवा लागले. कंट्रोल सिस्टिम्सचा तास गुरुवारी आहे आणि तो साडेपाचला ठेवला आहे. साडेतीनला निघालो तर पोहोचतो. पण गुरुवारी आमच्याकडे हार्डनिंग लाइनचे साप्ताहिक प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स असते आणि ते शिफ्टच्या वेळेत कधी संपत नाही, लांबतेच. ते बुधवारी घेता येईल का, हे विचारायला उद्या सकाळी प्रॉडक्शनच्या साहेबांकडे जायचे आहे.